‘समजलं का?’ ‘होऽ सर!’

आमच्या गावात हॉटेल म्हणजे फाट्यावरचं पत्र्याचं शेड. पुढं भज्यांची कढई, मागं दोन बाकडी, पाण्याच्या पिंपावर साखळीनं बांधलेला ग्लास. त्यामुळं मी जर्मनीला हॉटेलचं शिकायला गेले हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी आईला जे विचारलं ते त्यांच्या परीनं बरोबरच होतं. “मग तितं भजे बी तीच तळती का?” आई म्हणाली, “तळती की.” मी तिकडं काय करते हे आईला तेव्हा नेमकं माहीत नव्हतं, पण माहीत नाही म्हणणार कोण? आमच्या घरात हा गुण सगळ्यांच्याच अंगात आहे. माझ्या अंगातला जरा जास्तच मुरलेला होता.

गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं, सरळ रस्त्यांचं. मी त्याच्या दहा वर्षांनी जन्मले. दादा (आमच्याकडं वडिलांना दादा म्हणतात) साडेचार एकरांत सोयाबीन आणि तूर करतात. दहावीला मला ९४ टक्के पडले आणि त्याच संध्याकाळी कुणी न विचारता ठरलं: पोरगी लातूरला, डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेसाठी.

लातूर पॅटर्न बाहेरच्यांना फ्लेक्सवरच्या टॉपरांमुळं माहीत असतो. मला तो चौथ्या बाकावरून माहीत आहे. दीडशे पोरं, पंखा फक्त पुढच्यांना लागणारा. सर फळाभर डेरिव्हेशन लिहायचे, मागं वळायचे आणि विचारायचे, “समजलं का?” दीडशे गळ्यांतून एकच आवाज निघायचा, “होऽ सर!” त्यात माझाही असायचा, आणि चांगला खणखणीत असायचा. रोटेशनल मोशन मला आजही कळलेलं नाही. पण हात वर करून “सर, नाही समजलं” म्हणणं म्हणजे दीडशे माना आपल्याकडं वळणं, शिवाय गावाकडून डबा घेऊन येणाऱ्या दादांच्या कानावर ते जाणं. त्यापेक्षा ‘हो’ स्वस्त पडायचं.

अकरावी बाकावर गेली, बारावी लॉकडाउनमुळं मोबाईलवर, मग रिपीटर बॅचला पुन्हा बाकावर. पहिल्या खेपेला ७२० पैकी ३००, दुसऱ्या खेपेला ३४०. आता गंमत वाटते ती त्या परीक्षेच्या मार्किंगची. बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला वजा एक, सोडून दिलेल्याला शून्य. म्हणजे परीक्षाच सांगत होती की बाई, येत नसेल तर सोड. मी एकही प्रश्न सोडला नाही. दोन्ही वेळा सगळे गोल काळे करून आले.

पुढचं भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि रांगेत उभं राहणं जास्त आहे. हॉस्टेलवरच्या एका सीनियर ताईकडून आउसबिल्डुंग हा शब्द पहिल्यांदा ऐकला. जर्मनीतलं हे तीन वर्षांचं शिक्षण. काही आठवडे शाळेत बसायचं, बाकीचे दिवस खऱ्या हॉटेलात काम करायचं. फी नाही, उलट हॉटेल दरमहा विद्यावेतन देतं. एका एजंटनं याच बिनफीच्या शिक्षणाचे चार लाख सांगितले होते. दादा एक एकर गहाण टाकायच्या तयारीत होते, पण ताईनं वेळेवर अडवलं. पुण्यात दीड वर्ष राहून जर्मन शिकले. बी-वन परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली. पुण्यातल्या रूममेट माझ्या “काय करलालीस?” ला हसायच्या, म्हणून तेही बोलणं सोडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये मी फ्रॉयडनश्टाटला उतरले तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा, तीन किलो चटण्या आणि सगळ्याला ‘या, या’ म्हणायची तयारी होती. जर्मनमध्ये हो ला ‘या’ म्हणतात.

फ्रॉयडनश्टाट काळ्या जंगलाच्या डोंगरात आहे. कार्ल्सरूहहून मुर्ग नदीच्या खोऱ्यातून वर चढणाऱ्या गाडीनं तिथं जायचं. गाव १५९९ मध्ये ड्यूक फ्रीडरिखनं वसवलं. हाइनरिश शिकहार्ट नावाच्या वास्तुकारानं त्याचा आराखडा ‘म्यूले’ या खेळाच्या पटासारखा आखला, चौकोनात चौकोन, मधोमध भलंमोठं मैदान. पहिल्या आठवड्यात स्टेशनवरचा नकाशा बघितला आणि मी मोठ्यानं बोलले, “ही तर नवकंकरी!” जुन्या गावातल्या मारुतीच्या ओट्यावर हाच पट खिळ्यानं कोरलेला आहे, दादा लहानपणी त्यावर चिंचोके मांडून खेळायचे. हे गाव एप्रिल १९४५ मध्ये युद्धात जळून गेलं आणि पुढच्या नऊ-दहा वर्षांत पुन्हा बांधलं गेलं. फोनवर सांगितलं तर दादा म्हणाले, “म्हणजे आपल्यासारखंच पुनर्वसन हाय म्हण की.” मला तेवढ्यानं फार आधार वाटला. का वाटला ते सांगता येणार नाही.

पहिल्या महिन्यात मला नाश्त्याच्या हॉलमध्ये लावलं. कॉफीचा जग घेऊन फिरायचं. एका आजोबांच्या कपाजवळ जग नेऊन विचारलं, आणखी घेणार का? ते हसून म्हणाले, “डांके.” डांके म्हणजे धन्यवाद, हे तर पहिल्या धड्यातलं. मी कप भरला. त्यांनी माझ्याकडं जरा विचित्र बघितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, पुन्हा “डांके”, पुन्हा भरला. तिसऱ्या वेळी त्यांनी कपावर हात ठेवला. तिकडं कुणी काही देऊ केल्यावर नुसतं ‘डांके’ म्हणणं म्हणजे ‘नको’. हवं असेल तर ‘बिटे’ म्हणायचं. माणसानं दोनदा नको म्हटलं आणि मी दोनदा ओतलं. पण माझी तरी काय चूक? मी येळवसच्या मुलखातली.

येळवस म्हणजे वेळा अमावास्या, हे लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांना सांगावं लागतं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खा जिल्हा शेतात असतो. लातूरचे रस्ते त्या दिवशी कर्फ्यू लागल्यासारखे असतात, कलेक्टर सुट्टी देतात. कडब्याची खोप करायची, आत पांडव मांडून पुजायचे आणि मग भज्जी (तळलेली भजी नव्हे, मिसळीची भाजी), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), आंबील, खीर. स्वतःचं शेत नसलेल्याला आवतण देऊन न्यायचं, वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारायची. आणि आपल्याकडं पहिलं ‘नको’ मोजायचं नसतं, ते रीत म्हणून म्हटलेलं असतं. दुसरं ‘नको’ म्हणजे थोडं वाढा. तिसऱ्यालाही पानावर हात आडवा धरला असेल तरच वाढणाऱ्यानं विचार करायचा. या हिशोबानं आजोबांना कॉफी कमीच मिळाली.

उलटं तर जास्त महागात पडलं. कामाच्या मधल्या सुट्टीत कामगारांचं जेवण असायचं. वाढणाऱ्यानं विचारलं, घेणार का? मी म्हणायची, “नाइन, डांके,” म्हणजे ‘नाही, धन्यवाद’, आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभी राहायची. दुसरं विचारणं आलंच नाही. तो झाकण लावून निघून जायचा. पहिला आठवडाभर मी रात्री खोलीत ब्रेडला शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली आणि या लोकांना माणुसकी नाही असं मनात पक्कं केलं. आईनं फोनवर विचारलं, जेवलीस का? म्हटलं, “हो, पोटभर. मजेत आहे.”

आता सेलरीचं सांगते. हे लिहायला घेतलं ते त्याच्यासाठीच.

नोव्हेंबर होता. आउसबिल्डुंगचे सुरुवातीचे महिने परीक्षेचे असतात, त्याला प्रोबेत्साइट म्हणतात. त्या काळात हॉटेल तुम्हाला सरळ घरी पाठवू शकतं. मी दुपारच्या जेवणाच्या हॉलमध्ये होते. रविवार, सगळी टेबलं भरलेली. फ्लेडलेझुप्पे नावाचं तिथलं एक सूप आहे, पातळ धिरड्याच्या बारीक पट्ट्या कापून त्यावर गरम रस्सा ओतलेला. एका बाईंसमोर वाटी ठेवली. त्यांनी मला काहीतरी विचारलं. तिकडची बोली श्वेबिश, पुण्यात शिकलेल्या जर्मनशी तिचं नातं लातूरच्या बोलीचं सदाशिव पेठेशी असेल तेवढंच. मला ‘आहे का’ एवढं कळलं, आणि मधे ‘झेलेरी’ असा एक शब्द. झेलेरी म्हणजे वाइन असेल, मसाला असेल, कुणाचं आडनाव असेल. बाई वाट बघत होत्या. मी हसून म्हणाले, “नाइन, नाइन.”

त्यांनी चमचा उचलला तेवढ्यात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मागून आली, वाटी सरळ उचलून घेतली आणि माफी मागितली. त्या बाईंना सेलरीची ॲलर्जी होती, साधी खाजबिज नव्हे, पर्समध्ये इंजेक्शन ठेवायला लागेल इतकी. युरोपात १४ घटकांची यादी आहे. ते पदार्थात असतील तर गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं. दूध, अंडी, गहू, तीळ, मोहरी, त्यात शेंगदाणेसुद्धा (ही यादी लातुरात लावली तर आम्ही काय खावं?). सेलरी त्याच यादीत आहे. आणि तिकडं रश्श्याची सुरुवातच गाजर, लीक आणि सेलरीच्या गड्ड्यापासून होते.

काही झालं नाही. पण माझे हात पुढचा तासभर थरथरत होते. सर्व्हिस संपल्यावर रेस्टॉरंटच्या प्रमुख बाईंनी बोलावलं. मी मनात बॅग भरायला घेतली. दादांना काय सांगायचं, काकूंना काय सांगायचं, सगळं ठरवूनही झालं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “त्या काय विचारत होत्या ते तुला कळलं होतं?”

मी म्हणाले, “या.”

खरंच तसं म्हणाले. तिथंसुद्धा. तोंडातून आपोआप आलं, चौथ्या बाकावरून आल्यासारखं.

“मग झेलेरी म्हणजे काय?”

मी गप्प. त्यांनी उठून मला किचनमागच्या कोठारात नेलं आणि एक गड्डा हातात दिला. सुरणासारखा ओबडधोबड, मातीचा वास, वर कोथिंबिरीसारखी थोडी पानं. “ही झेलेरी,” त्या म्हणाल्या. मग तिथंच, बटाट्याच्या पोत्यांमधे उभं करून, त्यांनी माझ्याकडून एक वाक्य म्हणून घेतलं: इश वाइस एस निष्ट, इश फ्रागे नाख. मला माहीत नाही, मी विचारून येते. वीस वेळा. दहाव्या वेळेपासून मला रडू यायला लागलं आणि त्या तरी थांबेनात. सोळा, सतरा, अठरा. तेव्हा त्यांचा फार राग आला होता. खरं सांगते, अजून थोडा आहे. कामावरून आलेल्या थकलेल्या पोरीला पोत्यांमधे उभं करून पाढे म्हणायला लावणं ही काही फार प्रेमळ रीत नव्हे. पण त्यांनी मला घरी पाठवलं नाही.

पुढचे कित्येक दिवस मी जंगलातल्या वाटेनं खोलीकडं जाताना ते वाक्य मोठमोठ्यानं म्हणायची. देवदारासारख्या उंच झाडांना सांगायची की मला माहीत नाही. मराठीत म्हणून बघितलं तर गळ्यात अडकायचं. परक्या भाषेत सोपं जातं, कारण त्या शब्दांना बाक नसतो, दीडशे माना नसतात, गाव नसतं. जर्मनमधून मी आधी शिकले, मराठीत ते फार उशिरा आलं.

दुसरी गोष्ट हेडशेफची. तीस वर्षं किचनमध्ये घालवलेला माणूस, हातावर भाजल्याच्या खुणा. एकदा मी कामगारांच्या टेबलावर कारळाची चटणी उघडली. त्यानं वास घेतला, चमच्याच्या टोकावर घेऊन चाखली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “वाइस इश निष्ट. काय आहे हे?” इतक्या सहज, की मी बघतच राहिले. आमच्याकडं वरच्या माणसाला खालच्यासमोर काही माहीत नसणं ही जवळजवळ बेअब्रू असते. त्यानं मला कारळाचं झाड कसं असतं, तेल निघतं का, भाजतात की कच्चं कुटतात, सगळं विचारलं आणि खिशातल्या वहीत लिहून घेतलं. जूनमध्ये पांढरी शतावरी सोलायच्या वेळी मी त्याला विचारलं की २४ जूनला हे सगळं एकदम बंद का होतं. तो म्हणाला, त्यानंतर कोंब काढत राहिलं तर मुळांना पुढच्या वर्षासाठी ताकद उरत नाही. शेतकऱ्याच्या पोरीला हे लगेच पटलं. एरवी मी न विचारता, कारण माहीत असल्यासारखीच सोलत बसले असते.

पण ‘येत नाही’ म्हणणं एक आणि ‘पाहिजे’ म्हणणं दुसरं. त्याला आणखी वेळ लागला. २०२४ ची येळवस ३० डिसेंबरला होती. नाताळ ते नववर्ष हा हॉटेलचा भर हंगाम. मी नोव्हेंबरात प्रमुख बाईंना सांगितलं, “३० तारखेला आमच्याकडं मोठा सण असतो, सगळे शेतात जातात.” त्या म्हणाल्या, “किती छान!” झालं. माझ्या मते मी सुट्टीचा अर्ज दिला होता. आपल्याकडं एवढं बोललं की समोरचा म्हणतो, मग जायचं असेल की तुला. ड्यूटीचा तक्ता लागला, ३० तारखेला माझं नाव सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडं. मी तीन आठवडे त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्या रात्री चादरी-टॉवेलच्या खोलीत, धुतलेल्या उबदार टॉवेलांच्या थप्पीत तोंड घालून रडले. जानेवारीभर तोच कार्यक्रम होता. घरी सांगितलं, मजेत.

पुढच्या वर्षी जूनमध्येच कागदावर लिहून दिलं: १२ ते २२ डिसेंबर सुट्टी हवी आहे. बाईंनी कॅलेंडर बघितलं, पेननं चौकोन आखला आणि म्हणाल्या, “२३ ला सकाळी सहाला हजर.” दोन मिनिटं लागली. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि गेल्या वर्षीच्या तीन आठवड्यांच्या रुसव्याचा हिशोब करत हसले.

मधे सप्टेंबर आला. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांनी बघितलं. मी मोबाईलवर बघत होते, पाण्यात उभं सोयाबीन, वाहून गेलेली जनावरं. दादांना रोज फोन. “आपल्याकडं तेवढं नाही. बरं हाय. तू जेवलीस का?” मी म्हणायची, जेवले.

१९ डिसेंबर २०२५, शुक्रवार. वर्षभर स्वप्नात बघितलेली येळवस. खोप, चुन्यानं रंगवलेले पांडव, आईच्या हातची भज्जी, नव्या मडक्यातली आंबील. मी वाढायला उभी राहिले. कंबर सरळ, डाव्या हातावर नॅपकिनसारखा पदराचा शेव, उजव्या बाजूनं वाढणं, सगळं साग्रसंगीत. लातूरहून आलेल्या एका आजींना विचारलं, “उंडा वाढू?” त्या म्हणाल्या, “नको गं माय.” मी पुढच्या पानाकडं गेले. आजी आपल्या मोकळ्या पानाकडं बघत बसल्या. आईनं ते बघितलं आणि मला खोपीमागं ओढलं. “त्या नको म्हणल्या म्हणून थांबतात का? तिकडं हेच शिकलालीस व्हय?”

जेवण आटोपायच्या आधीच दादा आणि मी ओढ्याकडं चालत गेलो. ओढ्याकाठची दीड एकर तिथं नव्हतीच. बांध गेला होता, वरची काळी माती गेली होती, खाली पांढुरका मुरूम आणि गोटे. बाभळीला कुणाच्या तरी ठिबकच्या नळ्या अडकलेल्या होत्या. मी विचारलं, “किती झालं औंदा?”

“तीन पोती.”

“आणि गेल्या साली?”

“बावीस.”

“मग फोनवर रोज बरं हाय का म्हणलात?”

दादांनी पायानं एक गोटा उलटा केला. “तू बी मजेत हाव म्हणलालीस की.”

मग मी सगळं सांगितलं. रात्रीचा ब्रेड, सेलरी, पोत्यांमधले वीस पाढे, टॉवेलांची खोली. त्यांनी मधे एकदाही ‘होऽ’ केलं नाही. बऱ्याच वेळानं विचारलं, “किती दिवस रडलीस?”

“जानेवारीभर.”

“हं.”

एवढंच. आम्ही दोघं मुरमाकडं बघत उभे. तेवढ्यात खोपीकडून आईची हाक आली, “या की आता! आजी नको नको म्हणत तिसऱ्या उंड्यावर आल्यात, तुमाला काई उरायचं नाही!”